सनद उरली, नेमणूक गेली

ह्युएन त्संग या चिनी भिक्षूच्या प्रवासवृत्तात उज्जयिनीला मोजक्याच ओळी मिळाल्या आहेत. काळ सातव्या शतकाच्या पूर्वार्धाचा. वस्ती दाट आहे, घरे संपन्न आहेत, वेगवेगळ्या पंथांची देवालये कित्येक आहेत. संघारामही, म्हणजे भिक्षूंचे विहारही, पुष्कळ आहेत, पण बहुतेक ओसाड पडलेले. तीन ते पाच तेवढे उभे आहेत आणि त्यांत सुमारे तीनशे भिक्षू महायान आणि हीनयान अशा दोन्ही मार्गांचा अभ्यास करतात. राजा ब्राह्मण असून बुद्धाच्या धर्मावर त्याची श्रद्धा नाही. एवढे सांगून वृत्तांत पुढे सरकतो. ही नोंद हळहळ वाटावी अशी आहे, कारण फार जुनी नसलेली एक गोष्ट तिच्या शेजारी ठेवता येते. याच उज्जयिनीत इ. स. ४९९ मध्ये जन्मलेला परमार्थ हा पंडित ५४६ मध्ये समुद्रमार्गे चीनमध्ये पोचला आणि ५६९ मध्ये मरेपर्यंत संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरे करत राहिला. चीनला पंडित देणाऱ्या या नगरीत जेमतेम शंभर वर्षांत विहारांच्या भिंती ढासळत होत्या. गावाबाहेर कानीपुऱ्याजवळ वैश्य टेकरी म्हणतात तिथे विटांचा प्रचंड स्तूप आहे. ग्वाल्हेर संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख मोरेश्वर बळवंत गर्दे यांनी विसाव्या शतकात त्याचे उत्खनन केले, तेव्हा टेकडी समजून लोक जिच्यावर चढत होते ती मौर्यकाळातली धर्मवास्तू निघाली.

हे विहार कोणी बंद केले? कोणा राजाचा तसा हुकूम सापडत नाही. ह्युएन त्संगानेच शेजारच्या मालव राज्यात कित्येकशे संघाराम आणि वीस हजार भिक्षू असल्याचे लिहिले आहे. म्हणजे बौद्ध धर्म त्या काळात माळव्यातून एकाएकी उठला होता असेही म्हणता येत नाही. एका राज्यात विहार भरलेले आणि शेजारच्या राज्यात रिकामे, हा फरक श्रद्धेपेक्षा आश्रयाचा दिसतो. दान ज्या दिशेने वाहायचे ती दिशा बदलली आणि विहार हळूहळू कोरडे पडले. युरोपच्या इतिहासात याच घटनेचे दुसरे टोक सापडते. इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीने १५३६ ते १५४० या चार वर्षांत आठशेच्या आसपास मठ कायद्याने बंद केले. तिथे हुकूम आहे, तारीख आहे, मालमत्तेची यादी आहे. एक बंद होणे शंभर वर्षांचे, दुसरे चार वर्षांचे. तरी दोन्ही ठिकाणी एकच प्रश्न उरतो आणि उज्जैनच्या पुढच्या इतिहासात तो पुन्हा पुन्हा उभा राहतो: मठ बंद पडला की त्याच्या जमिनीचे काय होते हे सगळे विचारतात, पण त्या जमिनीवर जे काम नेमून दिलेले असते त्याचे काय होते? माझे म्हणणे असे की मठ बंद पडण्याचा खरा सामाजिक परिणाम या दुसऱ्या प्रश्नात आहे. मालमत्तेला वारस नेहमीच मिळतो. कामाला तो आपोआप मिळत नाही, कोणीतरी मुद्दाम नेमावा लागतो.

दान आणि काम यांची गाठ किती पक्की असायची हे पाहायला नाशिकच्या पांडवलेण्यांकडे वळावे लागेल. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने दहाव्या लेण्यात एक शिलालेख कोरून ठेवला आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजारांवर दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजारावर शेकडा पाऊण असे व्याज ठरले. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. हिशेब मांडून पाहा: दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, पुन्हा दोनशे चाळीस. एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. हे सारे निगमसभेत वाचून दाखवले आणि रीतीप्रमाणे नोंदवले, असेही लेख सांगतो. भक्तीने दिलेले हे दान आहे, पण त्याची रचना पाहता त्याला सार्वजनिक करारच म्हणायला हवे. कोणी द्यायचे, कोणाला, कशासाठी, किती, आणि साक्ष कोणाची, या पाचही गोष्टी दगडात कोरल्या आहेत. क्षत्रपांच्याच दुसऱ्या एका घराण्याने पुढे उज्जयिनी ही आपली राजधानी केली. उज्जयिनीच्या विहारांमागेही याच रीतीची दाने उभी असणार. असा आधार नसता तर इतके संघाराम बांधले आणि चालवले गेले नसते. मराठी दप्तरांत पुढे या सगळ्याला एक नेमका शब्द मिळाला: नेमणूक. नेमणूक म्हणजे ठरावीक कामासाठी तोडून दिलेला ठरावीक खर्च.

नेमणूक वास्तूपेक्षा चिवट असते, याचा पुरावा उज्जैनमध्येच आहे. इल्तुत्मिशाने तेराव्या शतकात, १२३४-३५ च्या सुमारास, महाकालाचे मंदिर उद्ध्वस्त केले. त्यानंतर भव्य शिखर पुन्हा उभे राहायला पाचशे वर्षे लागली. मधल्या काळाबद्दलचा एक छोटा कागद विश्वंभरनाथ पांडे यांनी उजेडात आणला. हिजरी १०६१ म्हणजे इ. स. १६५१ मध्ये शाहजहानचा मुलगा मुरादबक्ष याच्याकडे देवनारायण नावाच्या पुजाऱ्याने अर्ज केला आणि जुनी वहिवाट तपासून महाकालाच्या नंदादीपासाठी रोज चार शेर तूप कोतवालीकडून द्यावे असा हुकूम निघाला. मंदिराचे वैभव गेले होते, राज्य परधर्मीयांचे होते, गादीवर येणारी माणसे बदलत होती. पण दिवा, तूप आणि चार शेराचे माप टिकले होते. ते का टिकले हेही त्याच कागदात आहे. काम लहान होते, रोजचे होते, मापात बांधलेले होते, आणि ते बंद पडले तर दाद मागायला एक नावानिशी माणूस हजर होता. या चार गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. जिथे त्यांतली शेवटची नसते तिथे पहिल्या तीन फार काळ टिकत नाहीत.

अठराव्या शतकात माळवा मराठ्यांकडे आला आणि उज्जैन शिंद्यांचे मुख्य ठाणे झाले. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकालाचे मंदिर पुन्हा उभारले. हरसिद्धीच्या अंगणातल्या दोन उंच दीपमाळा पाहिल्या की कुठल्याही मराठी माणसाला जेजुरीची आठवण व्हावी. पुढे बायजाबाई शिंद्यांनी भर बाजारात गोपाळमंदिर बांधले. आपण या वास्तू पाहतो, त्यांचे फोटो काढतो आणि मराठ्यांनी धर्मकार्य केले असे म्हणून समाधान मानतो. पण दगडी बांधकाम हा त्या धर्मकार्याचा डोळ्यांना दिसणारा, म्हणूनच छोटा भाग आहे. मोठा भाग सनदांमध्ये आहे. गाव किंवा जमीन कुलबाब कुलकानू, पुत्रपौत्रादि वंशपरंपरेने दिली असे सनदेत लिहिले जाई आणि त्याबरोबर कशासाठी हेही लिहिले जाई: पूजा, नैवेद्य, नंदादीप, अन्नछत्र, वेदाध्ययन, आल्यागेल्याला सदावर्त. सदावर्त म्हणजे वाटसरूला दिलेला कोरडा शिधा, पीठ, डाळ, मीठ, थोडे तूप, जे घेऊन तो नदीकाठी आपली चूल पेटवी. क्षिप्रेच्या घाटांवर उतरणाऱ्या बैरागी, गोसावी, यात्रेकरू आणि निराधार बायाबापड्यांना या व्यवस्थेचा आधार होता. आखाडे आणि मठ हे त्या काळचे उतारूगृह होते, शाळा होती, पोथ्यांचे कोठार होते, आणि अनेकदा सावकारी पेढीही होती.

ही व्यवस्था उज्जैनमध्ये एका दिवशी मोडली नाही. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी आपला मुक्काम ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे हलवला आणि उज्जैन राजधानी न राहता केवळ तीर्थक्षेत्र उरले. दरबार गेला की दरबारी माणसांची रोजची दाने जातात, सनदा उरतात. ग्वाल्हेर संस्थानाने सनदांच्या या सारामुक्त जमिनींना माफी म्हटले आणि देवस्थानांच्या कारभारासाठी औकाफ खाते चालवले. वक्फ या शब्दाचे हे अनेकवचन ग्वाल्हेरच्या हिंदू मंदिरांच्या दप्तरावर शिरले आणि अजून त्या भागात माफी-औकाफ हा जोडशब्द चालतो. संस्थानी नियमांचा आत्मा स्पष्ट होता: जमीन देवाची, पुजारी तिचा व्यवस्थापक, आणि नेमलेले काम केले नाही तर माफी परत घेता येते. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत राज्य झाले. १९५१ मध्ये तिथे जमीनदारी आणि जहागिरी नष्ट करणारे कायदे झाले, १९५४ मध्ये माफी आणि इनाम जमिनींवरच्या कुळांना संरक्षण मिळाले, १९५६ मध्ये मध्यप्रदेश आला आणि १९५९ मध्ये नवी जमीन महसूल संहिता लागू झाली. या प्रत्येक पायरीवर एक प्रश्न नीट सोडवला गेला: जमीन कोणाच्या नावे? देवाच्या, पुजाऱ्याच्या, कुळाच्या की सरकारच्या? खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या नोंदवहीत, रकाने होते ते नावाचे. कामाचा रकाना नव्हता. जी नेमणूक सनदेत जमिनीच्या शेजारच्याच ओळीत होती ती नव्या कागदावर उतरलीच नाही. तिच्याविरुद्ध कोणाचे वैर होते असे नाही; तिला नव्या कागदावर जागाच ठेवली नव्हती.

इंग्लंडचे उदाहरण इथे उपयोगी पडते, कारण तिथे ही जागा ठेवण्याचा प्रयत्न झाला आणि तो का फसला हे दिसते. १५३५ मध्ये थॉमस क्रॉमवेलने साऱ्या मठांच्या उत्पन्नाची पाहणी करवली. १५३६ च्या कायद्याने वर्षाला दोनशे पौंडांहून कमी उत्पन्नाचे मठ बंद झाले, पुढे मोठ्यांची पाळी आली आणि मार्च १५४० मध्ये वॉल्थमचा शेवटचा मठ राजाच्या स्वाधीन झाला. १५३६ च्या त्याच कायद्यात एक कलम होते: मठाची जमीन जो घेईल त्याने त्या जागी घरदार आणि आतिथ्य चालू ठेवावे, पूर्वीइतकी जमीन नांगराखाली ठेवावी, नाहीतर दरमहा ६ पौंड १३ शिलिंग ४ पेन्स दंड भरावा. म्हणजे नेमणूक कायद्यात लिहिलेली होती, मापातही बांधलेली होती. पण दंड मागायला उभे राहावे अशी ताकद ना वाटसरूत होती ना भिकाऱ्यात. जमिनी घेणारे प्रतिष्ठित होते आणि हेन्रीच्या मृत्यूपर्यंत, १५४७ पर्यंत, त्यांतला मोठा भाग विकला जाऊन युद्धखर्चात गेला होता. ते कलम कागदावर राहिले आणि १६२४ मध्ये रद्द झाले. इंग्लंडच्या उत्तरेत १५३६ च्या शरद ऋतूत लोक मठबंदीविरुद्ध उठले तेव्हा त्यांचा पुढारी रॉबर्ट ॲस्क याने मठांच्या बाजूने सांगितलेली कारणे वाचावीत. मठ गरिबांना दान देतात, प्रवाशांना उतरायला जागा देतात, मुलींना वळण लावतात, समुद्राचे बांध आणि पूल दुरुस्त ठेवतात, हे त्याचे म्हणणे होते. धर्मशास्त्राइतकाच भर त्याने या कामांवर दिला होता. १५३७ मध्ये यॉर्कमध्ये त्याला फाशी झाली. गरिबांचा सांभाळ ही गावाची कायदेशीर जबाबदारी आहे असे पक्के ठरवणारा कायदा व्हायला १६०१ उजाडले. मठ बंद झाल्यापासून तोवर साठ वर्षे, म्हणजे जवळपास तीन पिढ्या, गेल्या.

इथे पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप येतो. मठ काही पुण्यवंतांचे माहेरघर नव्हते. इंग्लंडमधल्या मठांत आळस आणि चैन शिरली होती. आपल्याकडे महंत सावकारी करत, जमिनी दाबत, वंशपरंपरेचा अर्थ खासगी मालकी असा लावत. अन्नछत्रांच्या पंगती जातीने ठरत. अनेक ठिकाणी नेमणूकच फक्त ब्राह्मणभोजनाची असे आणि दलिताला दाराच्या आत पाऊल टाकता येत नसे. हे सगळे खरे आहे आणि ते झाकून मठांचे गोडवे गाणे ही फसवणूक ठरेल. पण या आक्षेपातून निघतो तो निष्कर्ष वेगळा आहे. कारभारी बिघडला असेल तर कारभारी बदलावा. पंगतीत भेद असेल तर पंगत सर्वांना खुली करावी. पंगतच उठवून दिली आणि शेत तेवढे ठेवून घेतले, तर भेद मिटला असे होत नाही, जेवण मिटले असे होते. शिवाय बिघाडाचा मोठा भाग नेमणूक विसरण्यातूनच आला होता. सनदेतले काम आठवण करून देणारे कोणी नसेल तर महंताच्या तिसऱ्या पिढीला जमीन आपली वाटणारच. सरकार त्याला हटवून स्वतः त्या जागी बसले आणि काम मात्र त्यानेही वाचले नाही, तर दोघांत फरक फक्त शिक्क्याचा उरतो.

दुसरा आक्षेप कुळांचा. जमीन कसणाऱ्याला हक्क मिळाला हा न्याय झाला. देवाच्या नावाखाली कसणाऱ्याला वेठीला धरण्याची रीत गेली ते बरेच झाले. यात वाद नाही. कुळाच्या हक्काची किंमत म्हणून नेमणूक बुडाली असे मी म्हणत नाही. कुळाला जमीन देऊनही नेमणूक जपता आली असती, तिचा खर्च दुसऱ्या उत्पन्नावर नेऊन. अडचण अशी की ज्या ठिकाणी जमिनीच्या बदल्यात रोख रक्कम बांधून दिली जाते, तिथे ती आकड्यात गोठते. धान्याचे भाव दहापट, शंभरपट होतात आणि वर्षासन आहे तिथेच राहते. उषवदाताने दोनशे चाळीस कार्षापणांचा हिशेब लावला तेव्हा वीस चीवरे हे ध्येय होते आणि आकडा हे साधन. रोख वर्षासनात आकडा हेच ध्येय होऊन बसते आणि दिवा त्या पैशात महिनाभरही जळत नाही. मुरादबक्षच्या हुकुमात रुपये नव्हते, तूप होते. मापात दिलेली वस्तू महागाईला पुरून उरली, हा त्या कागदाचा सर्वांत व्यवहारी धडा आहे.

तिसरा आक्षेप असा की ही कामे आता शासन करते. सरकारी दवाखाना आहे, शाळा आहे, रेशन आहे. सदावर्ताची गरज उरली कुठे? हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. आधुनिक शासनाची शाळा मठाच्या शाळेपेक्षा कितीतरी व्यापक आहे, कारण ती जात विचारत नाही. पण शासन ज्याला ओळखते त्याला देते. रेशनला कार्ड लागते, कार्डाला पत्ता लागतो. मठ ज्याला ओळखत नव्हता त्याला देत होता. सदावर्ताचा पायाच अनोळखीपणा होता. क्षिप्रेवर आलेला परगावचा म्हातारा, घर सोडून निघालेली बाई, शिकायला आलेला निर्धन मुलगा यांच्यासाठी आजही शासनाकडे सहज उघडणारे दार नाही. तशी गरज उरली नाही असे म्हणणाऱ्याने सिंहस्थाकडे पाहावे. २०१६ च्या एप्रिल-मेमध्ये उज्जैनला सिंहस्थ भरला तेव्हा आखाड्यांच्या भंडाऱ्यांत नाव न विचारता लाखो लोक जेवले. ते त्याच जुन्या नेमणुकीचे उरलेले रूप आहे. बारा वर्षांनी ते सर्वांच्या नजरेत भरते, पण एरवीच्या दिवशी त्याची तितकीच गरज असते. महाकाल मंदिराच्या अन्नक्षेत्रात आज भाविकांना विनामूल्य जेवण मिळते, ही चांगली गोष्ट आहे. पण महाकालाचे उत्पन्न अफाट आहे आणि त्याच्यासाठी १९८२ चा स्वतंत्र कायदा आहे. प्रश्न आहे तो वाड्यावस्त्यांतल्या शेकडो लहान देवळांचा, ज्यांच्या जमिनी आहेत आणि ज्यांचे काम कोणी वाचत नाही.

आणखी एक आक्षेप तुलनेवरच आहे: हेन्रीचा हुकूम आणि माळव्यातले हळूहळू होत गेलेले बदल एका मापाने कसे मोजायचे? कारणे वेगळी आहेत हे मान्य. पण मला दिसणारे साम्य कारणांत नाही, न्यायालयात कोण उभे राहते यात आहे. इंग्लंडमध्ये मठाधिपतींना आणि बहुतेक साधूंना निवृत्तिवेतन मिळाले, राजाला जमीन मिळाली, खरेदीदारांना वाडे मिळाले. उज्जैनच्या बाजूला जहागीरदार, कूळ, पुजारी आणि सरकार हे चौघे आपापल्या हक्कासाठी कायद्याच्या दारात गेले. ६ सप्टेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्यप्रदेश सरकार आणि पुजाऱ्यांची संघटना यांच्या वादात निकाल दिला. मंदिराच्या जमिनीची मालक देवताच. पुजारी भूमिस्वामी नाही, तो व्यवस्थापक आहे आणि काम न केल्यास त्याच्याकडून ती काढता येते. पुजाऱ्यांची नावे महसुली कागदांतून वगळणारी १९९४ आणि २००८ ची परिपत्रके योग्य आहेत. पण जी मंदिरे शासनाकडे निहित नाहीत त्यांचा व्यवस्थापक म्हणून जिल्हाधिकाऱ्याचे नाव सरसकट घालता येणार नाही. निकाल समतोल आहे आणि ग्वाल्हेरच्या जुन्या नियमांचा आत्मा त्यात जपला आहे. तरी त्या खटल्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे लक्ष जाते. एका बाजूला सरकार, दुसऱ्या बाजूला पुजारी. ज्याच्यासाठी सदावर्त होते तो वाटसरू पक्षकार नव्हता. तो कधीच नसतो. त्याचे नाव कोणत्याच कागदावर नसते, कारण नाव न विचारणे हाच त्या दानाचा धर्म होता. म्हणून जमिनीचे वाद शतकभर चालतात आणि काम बुडाले याचा एकही वाद चालत नाही.

काम वाचवता येते, याची दोन उदाहरणे समोर आहेत आणि दोन्हींत मागणारा होता. लंडनच्या नागरिकांनी १५३८ मध्ये राजाकडे मागणी लावून धरली की मठांबरोबर शहरातली रुग्णालये बुडू देऊ नयेत. १५४६-४७ मध्ये सेंट बार्थोलोम्यूचे रुग्णालय शहराच्या हाती आले आणि ते आजही चालू आहे. दुसरे उदाहरण पुण्याचे. पेशव्यांची श्रावणमासातली दक्षिणा ही अवाढव्य आणि फक्त ब्राह्मणांसाठीची नेमणूक होती. पेशवाई गेल्यावर इंग्रजांना ती बंद करणे सोपे होते. पण १८२१ मध्ये त्या पैशाचा एक भाग विश्रामबागवाड्यातल्या संस्कृत पाठशाळेकडे वळला. १८४९ मध्ये लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सोबत्यांनी सनातन्यांचा रोष पत्करून अर्ज केला की दक्षिणेचा पैसा उपयुक्त मराठी ग्रंथांसाठी खर्च व्हावा. १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. पुढे दक्षिणा फेलोशिपवर महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर शिकले. जुनी नेमणूक जातीत अडकलेली होती हे ओळखून तिचा हेतू, म्हणजे विद्येला आश्रय, तेवढा त्यांनी बाहेर काढला आणि नव्या शब्दांत लिहून घेतला. उज्जैनमध्येही असे एक काम झाले. मठांत आणि पंडितांच्या घरांत पोथ्या वाळवीच्या तोंडी जात असताना १९३१ मध्ये शिंदे संस्थानाने प्राच्य ग्रंथसंग्रह उभा केला आणि हजारो हस्तलिखिते एका छताखाली आणली. इंग्लंडमध्ये मठांची ग्रंथालये फुटली तेव्हा पोथ्यांची पाने मेणबत्तीदाण्या आणि बूट पुसायला गेली असे जॉन बेलने १५४९ मध्ये तळमळीने लिहिले होते. पोथ्या सांभाळण्याचे मठाचे काम कोणीतरी आपल्या शिरावर घेतले, म्हणून उज्जैनवर ती पाळी आली नाही.

म्हणून मठ पुन्हा उघडा, माफी परत द्या, असे या लेखाचे मागणे नाही. मागणे त्याहून लहान आहे आणि करता येण्यासारखे आहे. माळव्यातल्या आणि महाराष्ट्रातल्याही देवस्थान जमिनींच्या सनदा मोडी कागदांत, संस्थानी दप्तरांत, घराघरांतल्या पेट्यांत आहेत. त्या वाचणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. प्रत्येक देवस्थानाच्या नोंदीत देवतेच्या नावाशेजारी एक ओळ लिहिली जावी: ही जमीन कशासाठी दिली होती, आणि ते काम आज कोण, कोणत्या रूपात करते आहे. ब्राह्मणभोजन लिहिलेले असेल तिथे सर्वांचे भोजन लिहावे. वेदशाळा लिहिलेली असेल तिथे गावच्या मुलांचे वसतिगृह लिहावे. नंदादीप लिहिला असेल तिथे तुपाचे माप लिहावे. आणि ही ओळ उषवदाताने केले तशी चारचौघांत वाचून दाखवावी, म्हणजे ती मोडली तर कोणालाही दाद मागता येईल. आज मालकाचे नाव बदलले की फेरफार होतो, पटवारी तो लिहितो, त्याला क्रमांक पडतो. काम बंद पडले तर कसलाही फेरफार होत नाही.